मालवणच्या खानावळीत ताजा मासा खायचा असेल तर

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात ‘अस्सल मालवणी थाळी’ची पाटी जिकडेतिकडे दिसते. पण पाटी मालवणी म्हणून मासाही मालवणच्याच समुद्रातला असतो, असं समजायचं कारण नाही. गर्दीच्या दिवसांत किनाऱ्यावरचा माल पुरत नाही, मग बर्फातला मासा बाहेरून गाडीने येतो. लाल मसाला चोपडून, जाड रव्यात घोळवून तळला की नवख्याला फरक कळणं कठीण. तो कळावा आणि पैसे योग्य ताटावर खर्च व्हावेत, यासाठी हे टिपण.

मुख्य सल्ला आधीच सांगतो. अमुकच मासा खायचा, असं घरून ठरवून निघू नका. ‘पापलेट थाळीच पाहिजे’ म्हणणाऱ्याला पापलेट मिळतंच, कारण खानावळवाला गिऱ्हाईक परत पाठवत नाही. ते कुठून आलं आणि बर्फात किती दिवस होतं, हे मग कोणी सांगत नाही.

आधी कॅलेंडर बघा

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, ही त्यामागची कारणं. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे, पण त्या वाऱ्यापावसात त्याही फारशा बाहेर पडत नाहीत. तेव्हा जुलैत कोणी ‘आजच आलेली सुरमई’ म्हणून ताट पुढे केलं तर ती शीतगृहातली आहे असं धरून चाला. या दोन महिन्यांत खाडीतले मासे, कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या) आणि पहिल्या पावसात ओढ्यांत चढणारे चढणीचे मासे मागावेत. शिवाय सुका बाजार असतोच. सुक्या बांगड्याची कढी, जवळ्याची चटणी, गोलमो (बारीक सुकी कोळंबी) घातलेली भाजी हे पावसाळ्यातलं खरं कोकणी जेवण. ‘सुकं काय करता?’ असं विचारलंत तर खानावळवाल्या काकींचा चेहरा खुलतो, कारण पर्यटक सहसा ते मागत नाहीत.

ऑगस्टमध्ये बंदी उठली की कोळंबी आणि बांगडा येऊ लागतो. सप्टेंबर ते डिसेंबर हा बांगड्याचा भर. पाऊस सरल्यावर सुरमईही चांगली मिळते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात विविधतेचा काळ. खास खाण्यासाठीच जायचं असेल तर हेच महिने धरा. नाताळाचा आठवडा तेवढा टाळा. मे महिन्यात शाळांच्या सुट्ट्या, भरलेली हॉटेलं आणि चढे भाव एकाच वेळी येतात. बाहेरचा माल सर्वांत जास्त तेव्हाच खपतो.

बोंबलाबद्दल एक वेगळी सूचना. ताजा बोंबील हा मुख्यतः मुंबई, पालघर आणि गुजरातच्या बाजूचा मासा. मालवणात ‘बोंबील फ्राय’ मागवणं म्हणजे मुंबईचा मासा प्रवास करवून परत मुंबईकरानेच खाणं. फिश फिंगरमधल्या बासाचं तर बोलायलाच नको. तो गोड्या पाण्यातल्या तळ्यांत वाढवलेला मासा, त्याचा या किनाऱ्याशी काही संबंध नाही.

खानावळ कशी ओळखायची

मेन्यू जितका लांब तितका फ्रीज मोठा, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. पापलेट, सुरमई, रावस, बोंबील, लॉबस्टर आणि खाली पनीर बटर मसाला, असं सगळं बारमाही मिळणार असेल तर तिथे रोजच्या बाजारावर स्वयंपाक चालत नाही. उलट दारातल्या फळ्यावर खडूने तीनच नावं लिहिलेली असतील, त्यातलं एक दीड वाजता पुसलेलं असेल, तर आत जा.

दुसरी खूण रश्शाची. कोंबडी, कोळंबी आणि सुरमई तिन्हींवर एकच लाल रस्सा ओतलेला दिसला तर तो पातेल्यात आधीच तयार होता. मालवणी स्वयंपाकात माशागणिक वाटण बदलतं. बांगडा, तारली, पेडवे या तेलकट माशांना तिरफळ, म्हणजे जीभ बधिर करणारा कोकणी मसाला, लागतं. कोळंबीला सहसा ते घालत नाहीत. तिसऱ्यांचं सुकं ओल्या खोबऱ्यात होतं. बांगड्याचं किंवा पेडव्यांचं तिखलं मात्र खोबऱ्याशिवाय, नुसत्या तिखट, कोकम आणि तिरफळावर, अंगाबरोबर रस ठेवून आटवतात. फळ्यावर ‘तिखलं’ दिसलं तर विचार न करता मागवा. ते पर्यटकांसाठी कोणी करत नाही, घरच्यासाठीच करतात.

बऱ्याच चांगल्या खानावळी घराच्या पडवीतच चालतात. चार-पाच टेबलं, आत घरातल्या बायका रांधतात, मुलगा वाढतो. तिथे वेटरला हाक मारावी तसं ‘एक्स्क्यूज मी’ करू नका. काकी, वहिनी, दादा म्हणावं, आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरंही जरा मोकळेपणाने मिळतात.

आदल्या रात्री फोन

नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. घरगुती खानावळीत सकाळच्या बाजारातून जेवढी माणसं सांगितलेली असतील तेवढ्याच हिशेबाने मासे आणतात. न सांगता दोन वाजता आठ जण जाऊन बसलात तर उरलंसुरलं मिळतं, किंवा घाईघाईने फ्रीज उघडला जातो. आदल्या रात्री नऊच्या आत, फार तर त्या दिवशी सकाळी फोन करा. बोलणं साधारण असं असावं:

‘काकी, उद्या दुपारी एक वाजता चार माणसं येतोय. बाजारात जो चांगला दिसेल तो मासा घ्या. मुडदुशी मिळाली तर लहान मुलासाठी थोडी पाहिजे. सुरमई महाग असली तर नको.’

मुडदुशी म्हणजे काट्यांचा फारसा त्रास नसलेला मासा. या तीन-चार वाक्यांत काकींना माणसं, वेळ, मुलाची गरज आणि तुमच्या खिशाचा अंदाज, सगळं कळतं. ‘जो चांगला दिसेल तो’ हे शब्द विसरू नका. त्यांनी निवडणाऱ्याचे हात मोकळे होतात, आणि रोज बाजारात उभ्या राहणाऱ्या बाईची नजर तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी पक्की असते.

वडे-सागोती (कोंबडीचा रस्सा आणि तळलेले वडे) गावठी कोंबडीची हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावंच लागतं. गावठी कोंबडी पातेल्यात शिजायला तास-दीड तास घेते. ऑर्डर दिल्यावर वीस मिनिटांत ताट आलं तर ती बॉयलर आहे. साफ करून किलोभर भरणारी एक कोंबडी चार जणांना पुरते. तिच्यावर मांस कमी असतं, खरी चव रश्शात उतरते. वडे गरमच खायचे असतात, म्हणून ‘आम्ही बसल्यावर तळा’ एवढं सांगून ठेवा. गार झालेला वडा चामट होतो.

पोहोचायची वेळ साडेबारा ते एक. अडीचनंतर कढीच्या तळातलं मिळतं. रात्री आठ-साडेआठला जा, गावं लवकर मिटतात.

मासा दाखवा म्हणायला लाजू नका

मोठा मासा किलोवर विकत असतील तर तो आधी बघायचा. कोणी नाही म्हणत नाही, आणि म्हटलं तर उत्तर मिळालंच. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. खोल गेलेला, पांढुरका डोळा म्हणजे मासा जुना. कल्ला उचलून बघा. लालभडक असेल तर ठीक, विटकरी किंवा करडा असेल तर राहू द्या. पाठीवर बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. वासाची परीक्षा सोपी आहे, ताज्या माशाला समुद्राचा वास येतो. माशाचा उग्र वास यायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

कापलेल्या तुकड्यांत या खुणा मिळत नाहीत. सुरमईचा तुकडा बघताना मधल्या काट्याभोवतीचं मांस बघा. ते काट्याला घट्ट धरून, चकचकीत असावं. काट्यापासून सुटलेलं आणि कडेला पिवळं पडलेलं मांस म्हणजे बर्फातले दिवस. तिसऱ्या शिजवण्याआधी मिटलेल्या असाव्यात किंवा टिचकी मारल्यावर मिटाव्यात. ताटात आल्यावर एखादी तिसरी मिटलेलीच राहिली असेल तर ती जबरदस्तीने उघडून खाऊ नका, बाजूला ठेवा.

बांगडा आणि टुना यांच्याबाबत जास्त जपा. हे मासे पकडल्यावर उन्हात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून वा उकळून जात नाही. घास जिभेवर मिरीसारखा चुरचुरला, थोड्या वेळात तोंड-मान लाल होऊन डोकं ठणकायला लागलं, तर हा तिखटाचा परिणाम नव्हे. खाणं थांबवा आणि त्रास वाढला, श्वास लागला तर डॉक्टर गाठा. तिरफळाने जीभ बधिर होते, ती गोष्ट वेगळी. तिरफळ चवीपुरतं घातलेलं असतं, चावायचं नसतं. कढीतलं हिरवं-काळपट टरफल दिसलं की ताटाच्या कडेला ठेवायचं.

फार लहान पापलेट दाखवलं तर नको म्हणा. रुपेरी पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकाराचे नियम राज्याने काढले. तळहातापेक्षा छोटं पापलेट तळून खाल्लं तर दोन घास मिळतात आणि पुढच्या हंगामाचा मासा जातो. चवीच्या दृष्टीनेही तो सौदा वाईट. त्याच पैशात ताज्या बांगड्याचं भरपूर जेवण होतं. पापलेटाचा मान मोठा आहे हे कबूल, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या चरबी धरलेल्या बांगड्यापुढे ते फिकं पडतं.

भाव आणि वजन

थाळीचा भाव माशावर ठरतो. बांगडा थाळी स्वस्त, सुरमई महाग, पापलेट त्याहून वर. बसण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. थाळीत तळलेला तुकडा धरलाय का? कढीत मासा असतो की नुसता रस? दुसऱ्यांदा काय काय वाढतात? बहुतेक ठिकाणी भात आणि कढी पुन्हा वाढतात, मासा नाही. सोलकढीच्या दुसऱ्या वाटीचे पैसे काही ठिकाणी लावतात.

मेन्यूवर भावाच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं तिथे बहुतेक भांडणं होतात. मासा तराजूवर ठेवायला सांगा, किलोचा दर विचारा, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं हेही विचारा. अख्ख्या सुरमईचं डोकं, आतडी, शेपूट गेल्यावर पाव भागाच्या वर वजन कमी होतं. कुर्लीत तर निम्म्याहून जास्त वजन कवचाचंच असतं. एकूण आकडा तोंडी नक्की झाला की मगच ‘करा’ म्हणा.

अंदाजासाठी हिशेब असा: मध्यम बांगडे किलोला पाच-सहा बसतात, माणशी एक तळलेला पुरतो. सुरमईचा बोटभर जाड तुकडा माणशी एक. चौघांना तळायला चार तुकडे, कढीला डोक्याचा भाग, आणि एखादं सुकं. एवढ्यात पोट भरतं. पहिल्याच खेपेला सगळं मागवून ठेवणारे लोक सोलकढीपर्यंत पोहोचत नाहीत.

काही खानावळी तुम्ही बाजारातून आणलेला मासा रांधूनही देतात, त्याचे वेगळे पैसे घेतात. तसं करायचं असेल तर आधी विचारा आणि सकाळीच मासा पोहोचवा. बाजारात लहान मासा वाट्यावर मिळतो, आणि कापून-साफ करून द्यायची सोय असते. लिलाव बघायचा असेल तर उत्तरेला दापोलीजवळ हर्णै बंदर त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण घाऊक लिलावात दोन बांगडे मागणाऱ्याला कोणी विचारत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पहाटे रापण ओढताना दिसली तर थांबा. किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं बाहेर यायला वेळ लागतो, आणि आलेला मासा वाटे पडल्यावर तिथेच विकत मिळू शकतो. त्याहून ताजा मासा मिळणं शक्य नाही. मध्ये घुसून फोटो मात्र काढू नका, दोरावर माणसं जोर लावत असतात.

तळण, कढी आणि सोलकढी

तळायला सांगताना ‘तव्यावर, मसाला कमी, रवा पातळ’ असं सांगा. मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ (मीठ घातलेला आंबट रस), वरून तांदळाचं पीठ आणि थोडा रवा, एवढंच ताज्या माशाला लागतं. बांगडा मध्यम आचेवर एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग उलटायचा. जाड रव्याचं चिलखत आणि लालभडक रंग दिसला तर आत काहीतरी झाकलेलं असण्याची शक्यता मोठी.

खरी परीक्षा सोलकढीत होते. एका मध्यम नारळाचं दोन-अडीच वाट्या घट्ट दूध निघतं, त्यात तीन-चार चमचे आगळ, दोन लसणीच्या पाकळ्या, एखादी हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ जपून. अशी कढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट दिसते. वाटीत अर्धा तास ठेवली तर वर दुधाचा थर आणि खाली गुलाबी पाणी अशी फुटते. नवखे लोक ती ‘खराब झाली’ म्हणून परत पाठवतात. उलट आहे, चमच्याने ढवळा आणि प्या. जी कढी तासभर एकसारखी, राणी रंगाची राहते ती पावडरीची किंवा रंगाची असते. नारळाचं दूध उकाड्यात काही तासांतच आंबतं, म्हणून रात्रीच्या जेवणात ‘सोलकढी आत्ता काढली का?’ एवढं विचारा. नारळ चालत नसेल तर फुटी कढी मागा. ती नुसत्या कोकमाच्या पाण्याची, फोडणी दिलेली, आणि जड जेवणानंतर जास्त हलकी वाटते.

ताट खायचा क्रम कोणी लादत नाही. पण तळलेला मासा आणि सुकं भाकरीशी किंवा घावण्याशी गरम असतानाच संपवा, मग कढी-भात, शेवटी थोड्या भातावर सोलकढी आणि उरलेली वाटीने. भात उकड्या तांदळाचा असेल तर तो जाड, लालसर आणि जरा रबरट लागेल. कच्चा राहिला म्हणून तक्रार करू नका, तो तसाच असतो आणि माशाच्या कढीला तोच लागतो.

काट्यांची भीती असलेल्यांनी सुरमई किंवा मुडदुशी घ्यावी. सुरमईच्या तुकड्यात मधला काटा काढला की काम संपलं. बांगड्यात पाठीच्या रेषेवर बोटाने उभी चीर देऊन मांस दोन्ही बाजूंना सरकवायचं, मग शेपटीकडून मधला काटा अख्खा उचलला जातो. पेडवे आणि तारल्यांत बारीक काटे असंख्य, लहान मुलांना देऊ नका. घशात काटा अडकलाच तर भाताचे मोठाले गोळे गिळून तो आणखी खोल रुतवू नका, डॉक्टरकडे जा.

कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी असेल तर फोनवरच सांगा आणि ‘जवळासुद्धा चालत नाही’ हे वेगळं सांगा. चटणीत, भाजीत, वांग्यात सुका जवळा सहज पडतो आणि तो कोणी ‘मासा’ म्हणून मोजत नाही. तळणाचा तवाही एकच असतो.

सोमवार, श्रावण आणि गणपती

सोमवारी, संकष्टीला, श्रावणात बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. गणपतीत तर घरगुती खानावळी सरळ बंद असतात, माणसं आपापल्या घरच्या गणपतीत. या दिवसांत हॉटेलात बसून फ्रीजमधला मासा खाण्यापेक्षा शाकाहारी जेवा. काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या, कुळथाची पिठी-भात, श्रावणात टाकळ्याची नाहीतर अळूची भाजी. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर मासा राहिला तरी चालेल. ओले काजू सोलताना चिकाने हात भाजतात, म्हणून ती महाग असते, भाव करू नका. गोडात शिरवाळे मागा. तांदळाच्या गरम शेवया नारळाच्या गोड रसात, पण त्याही आधी सांगूनच मिळतात, कारण साच्यातून दाबायला दोन माणसं लागतात. आमरस फक्त एप्रिल-मेमध्ये. कोकण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण डिसेंबरातल्या वाटीतला रस डब्यातलाच असतो.

पैसे रोख जवळ ठेवा. देवबागच्या टोकाला किंवा आडगावात नेटवर्क गेलं की मोबाइलचं पेमेंट अडतं, आणि सुटे नसले तर काकींना शेजारच्या घरी पळावं लागतं.